दुर्मीळ कशावरून?

मृग सरला, पाऊस स्थिरावला, की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. गाव बदलते, छायाचित्र बदलते. मजकूर मात्र बहुधा तोच असतो. ‘अमुक गावी दुर्मीळ ॲटलास पतंग आढळला.’ कधी त्याला ‘जगातील सर्वांत मोठा’ असे विशेषण जोडलेले असते, तर कधी ‘जगातील सर्वांत दुर्मीळ’. छायाचित्रात एखाद्या घराच्या पडवीत, बसस्थानकाच्या भिंतीवर किंवा कोणाच्या तरी तळहातावर तो तांबूस तपकिरी पतंग पंख पसरून बसलेला असतो. आपण तो पाहतो, थक्क होतो आणि पान उलटतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावची तशीच बातमी येते. मागच्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यात सापडलेला पतंग याही आठवड्यात दुर्मीळच कसा, हे कोणी विचारत नाही.

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. पतंगांविषयी लिहिण्याचा मला अधिकार काय, असे तुम्ही विचाराल आणि ते योग्यच होईल. पण माझी तक्रार पतंगाविषयी नाही; ती त्या बातमीतील एका शब्दाविषयी आहे. ‘दुर्मीळ’ हा शब्द दिसायला विशेषण असला तरी आतून तो एक संख्या आहे. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्याने वहीत ‘तार फार तापली’ असे लिहिले, तर मी लाल शाईने शेजारी ‘किती?’ असे लिहितो. मग ‘फार थोडे पतंग आहेत’ या विधानाशेजारी ‘किती?’ लिहायला नको का? किती जागी, किती रात्री शोधले, त्यांपैकी किती वेळा दिसला आणि किती वेळा दिसला नाही, हे ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही जिवाला दुर्मीळ म्हणता येत नाही. विपुलही म्हणता येत नाही.

हा प्रश्न न विचारणाऱ्यांत मीही होतो. ती हकीकत आधी सांगतो.

आमचे महाविद्यालय सह्याद्रीच्या पायथ्याशी, घाट उतरून आल्यावर लागणाऱ्या एका तालुक्याच्या गावी आहे. चार वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी शेजारच्या हायस्कुलात नववीत शिकणारी एक मुलगी काचेची मोठी बरणी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आली. लोणच्याची असावी, अजून वास येत होता. रात्री पडवीतल्या दिव्याभोवती मोठा पतंग आला, तो ‘सरांना दाखवायचा’ म्हणून तिने वडिलांच्या मदतीने बरणीत बंद करून ठेवला होता. रात्रभर तो आत पंख आपटत होता. तिने बरणी माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा पंखांच्या कडा फाटून झालर लोंबावी तशा झाल्या होत्या आणि बरणीच्या तळाशी तपकिरी भुकटी साचली होती. दुपारी तो मेला.

तेवढ्यात कोणीतरी गावच्या वार्ताहराला कळविले. त्याने मला विचारले, “सर, दुर्मीळ म्हणायचे ना?” मी प्रात्यक्षिकाच्या गडबडीत होतो. “हो, म्हणा,” असे मी म्हटले. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे छायाचित्र छापून आले आणि खाली माझ्या नावाने ‘हा जगातील अत्यंत दुर्मीळ पतंग आहे’ असे वाक्य होते. ‘जगातील अत्यंत’ हे शब्द माझे नव्हते. पण ‘दुर्मीळ’ माझाच होता.

दोन दिवसांनी ती मुलगी ते कात्रण घेऊन पुन्हा आली. मला वाटले, सही मागायला आली असेल. तिने विचारले, “सर, जगात एवढे थोडेच असतील, तर त्यांतला एक मी मारला ना?”

मला उत्तर देता आले नाही. ‘नाही’ म्हणावे तर मीच छापून आणलेले वाक्य खोटे ठरत होते. ‘हो’ म्हणावे तर ते कशाच्या आधारावर? मी चाचरत असताना आमच्या प्रयोगशाळेतले वयस्क सेवक, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, नळाखाली चंचुपात्रे धूत होते. ते मागे न वळताच म्हणाले, “सर, हे दरवर्सा येतत. पंपावरच्या दिव्याकडे बगा. तुमी बघूक नाय.”

तुम्ही पाहिले नाही! अठरा वर्षे त्याच गावात राहून मी एकदाही पावसाळ्याच्या रात्री मान वर करून दिव्याकडे पाहिले नव्हते. मग माझ्या ‘दुर्मीळ’ला आधार काय? माझे न पाहणे, एवढाच.

आता त्या पतंगाकडे नीट पाहू. तो मेलेला पतंग मी टाकून दिला नाही. एका चपट्या पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवला आहे. तुमच्या कंपासपेटीतील १५ सेंटिमीटरची पट्टी त्याच्या पंखांपुढे अपुरी पडते. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २० ते २५ सेंटिमीटर अंतर सहज भरते. मादी नराहून मोठी आणि जड. अंग मात्र पंखांच्या मानाने अगदीच लहान, लोकरीसारख्या तांबूस केसांनी झाकलेले. नराच्या डोक्यावरच्या स्पर्शिका रुंद, पिसासारख्या, मादीच्या अरुंद. मादी एका जागी बसून हवेत गंधद्रव्य सोडते आणि नर त्या पिसांनी तो गंध टिपून अंधारात तिच्यापर्यंत पोचतो.

पंखांचा रंग पक्क्या विटेसारखा. त्यावर पांढऱ्या, गुलाबी, काळ्या रेघांची नागमोडी नक्षी. चारही पंखांवर एकेक त्रिकोणी खिडकी असते. खिडकीच म्हणतो, कारण तेथून खरोखरच आरपार दिसते. पेटीतला पंख मी वर्तमानपत्रावर धरला, तेव्हा त्या त्रिकोणातून अक्षरे वाचता आली. असे का? फुलपाखरे आणि पतंग यांच्या पंखांवर कोकणातल्या घरांवर नळ्याची कौले असावीत तसे सूक्ष्म खवले एकावर एक चढवून बसविलेले असतात. रंग आणि नक्षी ही सारी या खवल्यांची. बरणीच्या तळाची भुकटी म्हणजे तेच खवले. खिडकीच्या जागी खवले नसतात. उरतो तो फक्त पातळ पारदर्शक पडदा.

पुढच्या पंखांची टोके बाहेर वळून लांबलेली असतात आणि त्यावर डोळ्यासारखा गडद ठिपका असतो. त्यामुळे ते टोक सापाच्या डोक्यासारखे दिसते. दक्षिण चीनमधील कँटनी बोलीत या पतंगाचे नावच ‘सापाच्या डोक्याचा पतंग’ असे आहे. पक्षी सापाला भिऊन दूर राहतात, असे आपण पुस्तकांत वाचतो. असेलही. पण पक्ष्यालाही तो साप वाटतो का, हे माणसाच्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. शिवाय रात्री उडणाऱ्या पतंगाचा मोठा शत्रू वटवाघूळ, आणि ते रंग पाहून नव्हे तर प्रतिध्वनी ऐकून शिकार करते. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी ॲटलासच्या कुळातील पतंगांवर वेगवेगळ्या कोनांतून श्रवणातीत ध्वनी सोडून परत येणारा प्रतिध्वनी मोजला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार पंखांच्या दुमडलेल्या, सुरकुतलेल्या टोकांकडून मोठा प्रतिध्वनी परत येतो. म्हणजे वटवाघळाचा घाव अंगावर न पडता पंखाच्या टोकावर पडण्याची शक्यता वाढते. टोक तुटले तरी पतंग उडू शकतो. अंग गेले की सारे संपले. सापाची गोष्ट ऐकायला अधिक चांगली आहे, हे मी मान्य करतो. पण प्रतिध्वनीची गोष्ट मोजलेली आहे.

या पतंगाविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्याच्या पंखांत नाही, तोंडात आहे. किंबहुना तोंड नसण्यात आहे. प्रौढ पतंगाला अन्न घेण्याजोगे तोंड नसते. तो काही खात नाही. सुरवंट असताना दालचिनी, पेरू, सीताफळ, लिंबाच्या जातीची झाडे, महारुख अशा नाना झाडांचा पाला खाऊन जी चरबी साठविली, तीच त्याची आयुष्यभराची शिदोरी. फिकट हिरवा, अंगावर पांढरी मेणकट पूड असलेला तो सुरवंट १० सेंटिमीटरपेक्षाही लांब वाढतो, पानांच्या आधाराने तपकिरी रेशमी कोश विणतो आणि त्यातून बाहेर पडणारा पतंग जेमतेम आठवडाभर, फार तर दोन आठवडे जगतो. ही एकदाच भरलेली, पुन्हा न भरता येणारी विजेरी आहे असे समजा. तिला दहा दिवस पुरायचे आहे. त्यातली एक रात्र बरणीत पंख आपटण्यात गेली, तर आयुष्याचा दहावा हिस्सा गेला. सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ती सात वर्षे होतात.

हा गुणाकार मी त्या मुलीला सांगितला नाही.

आता हा पतंग राहतो कोठे? येथे नावाचाच घोटाळा आहे. स्वीडनच्या कार्ल लिनेयसने १७५८ साली या पतंगाला ‘ॲटलास’ हे नाव दिले. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘ॲटॅकस ॲटलास’ असे आहे. उत्तर आणि ईशान्य भारतापासून ब्रह्मदेश, दक्षिण चीन, तैवान, मलाया ते इंडोनेशियापर्यंत त्याचा पसारा आहे. पण दक्षिण भारत आणि श्रीलंका येथील पतंग वेगळा असल्याचे फ्रेडरिक मूर या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात लिहिले आणि श्रीलंकेच्या ‘टॅप्रोबेनी’ या प्राचीन ग्रीक नावावरून त्याला ‘टॅप्रोबेनिस’ म्हटले. या साऱ्या प्रजातीची नव्याने छाननी १९८९ साली अमेरिकेचे रिचर्ड पिग्लर यांनी केली, तेव्हा त्यांनीही ही जाती वेगळीच मानली. त्यानुसार आपल्या सह्याद्रीत दिसणारा पतंग ‘ॲटॅकस टॅप्रोबेनिस’ ठरतो. दोघे दिसायला इतके सारखे की नुसत्या मोबाइलवरच्या छायाचित्रावरून, ते कोठे काढले हे ठाऊक नसताना, ओळख पटविणे कठीण.

याचा अर्थ काय होतो, पाहा. आपल्या बातम्यांत ज्याला ‘दुर्मीळ ॲटलास’ म्हणतात, तो बहुधा मूळ ॲटलास नव्हेच. त्याचा दक्षिणेकडचा भाऊबंद आहे. ॲटलास अनेक देशांत पसरलेला, तर या भावाचा मुलूख तुलनेने लहान: पश्चिम घाट, दक्षिण भारत आणि श्रीलंका. म्हणजे ‘जगातील सर्वांत दुर्मीळ’ हे विशेषण ॲटलासला अजिबात शोभत नाही आणि ज्याच्या मुलखाची खरी काळजी करावी, त्याचे नावही बातमीत येत नाही. आणि ‘जगातील सर्वांत मोठा’? दक्षिण अमेरिकेत एक फिकट राखी पतंग आहे, त्याच्या पंखांचा पल्ला ॲटलासपेक्षा जास्त भरतो. न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियातील हर्क्युलिस पतंगाच्या पंखांचे क्षेत्रफळ अधिक असल्याचे मानतात. मोठा म्हणजे काय मोजून मोठा, हे आधी ठरवावे लागते. लांबी, क्षेत्रफळ, वजन या तीन वेगळ्या राशी आहेत. हे तर तुम्ही आठवीतच शिकलात.

एका ठिपक्याने नकाशा कसा फसवू शकतो, याचे एक उदाहरण देतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू या शहरात एका घराच्या गॅरेजच्या भिंतीवर ॲटलास पतंग दिसला. अमेरिकेतील ही पहिलीच खात्रीची नोंद. समजा, आपण जगाच्या नकाशावर या पतंगाची जागा दाखवायला टाचण्या टोचत आहोत. बेलव्ह्यूला टाचणी टोचायची का? टोचली तर नकाशा म्हणेल, ‘हा पतंग आसामात, जावात आणि कॅनडाच्या सीमेजवळ आढळतो.’ तेथील कृषी खात्याने तसे काही म्हटले नाही. मूळचा उष्ण कटिबंधातला हा कीटक तेथे तगेल की नाही, याचीच त्यांना शंका होती. कोणीतरी बाहेरून मागविलेल्या कोशातून तो निघाला असावा, असाही संशय होता. त्यांनी लोकांना एवढेच आवाहन केले, की आणखी दिसले तर छायाचित्रासह कळवा. ‘आढळला’ आणि ‘आढळतो’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, ते भरून काढायला पुष्कळ रात्री लागतात. मराठीत तर हे अंतर एका अक्षराचे आहे, म्हणून अधिकच जपायला हवे.

दुसरी अडचण दिव्याची. आपल्याला हे पतंग दिसतात ते बहुतेक दिव्यापाशी. पण दिवा म्हणजे जंगल नव्हे. पतंग दिव्याकडे का येतात, याचे जे स्पष्टीकरण मी वर्षानुवर्षे वर्गात दिले, ते चुकीचे निघाले, हेही येथेच कबूल करतो. मी सांगत असे, की पतंग चंद्राशी ठरावीक कोन राखून सरळ उडतात. चंद्र फार दूर असल्याने त्याचे किरण समांतर असतात. दिवा जवळ असल्याने किरण पसरणारे, त्यामुळे तोच कोन राखताना पतंगाचा मार्ग आत वळत वळत दिव्यावर येतो. फळ्यावर ते सर्पिल काढताना मला फार आनंद होई. जानेवारी २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील व अन्य संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी उडत्या कीटकांचे चित्रण करून दाखविले, की कीटक उडताना पाठ उजेडाकडे ठेवतात. नेहमी उजेड आकाशातून येतो, त्यामुळे त्यांना ‘वर’ कोठे हे समजते. दिव्याजवळ आले की ते दिव्याकडे पाठ कलवितात, त्याने मार्ग वळतो आणि ते दिव्याभोवती अडकतात. दिवा त्यांना ओढत नाही. तो त्यांची वर-खालीची जाणीव बिघडवितो. सर्वच कीटक असे वागत नाहीत. कण्हेरीवर वाढणारा एक हिरवा पतंग त्यांच्या प्रयोगात अपवाद ठरला. ॲटलासचे तंतोतंत असेच होते का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझे सर्पिल मी आता फळ्यावर काढत नाही.

मग दिव्याखालची संख्या नेमके काय मोजते? जंगलात किती पतंग आहेत एवढेच नव्हे, तर दिवा कोणत्या रंगाचा, आजूबाजूला अंधार किती, चंद्र होता की नव्हता आणि खाली जागा असलेला माणूस होता की नव्हता, हेही ती मोजते. पौर्णिमेच्या आसपास दिव्यावर कमी पतंग येतात, हे कीटक अभ्यासणाऱ्यांना जुने ठाऊक आहे. आमच्या रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. सोडियमच्या पिवळ्या उजेडाचे कीटकांना आकर्षण कमी. आता पांढऱ्या दिव्याखाली जास्त पतंग दिसू लागले, तर पतंग वाढले असे म्हणायचे का? आम्ही अँमीटर बदलला आणि प्रवाह वाढला असे लिहिले, यातलाच तो प्रकार. गेल्या दहा वर्षांत प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, त्यामुळे बातम्याही वाढल्या. म्हणून पतंग वाढले का? आणि उद्या लोकांना या छायाचित्रांचा कंटाळा आला, बातम्या थांबल्या, तर पतंग संपले असे समजायचे का?

यातून वाट आहे. ती इंग्लंडमधील रोथॅमस्टेड या शेतीच्या जुन्या संशोधन केंद्राने दाखविली. तेथे १९३० च्या दशकात विल्यम्स नावाच्या शास्त्रज्ञांनी प्रकाशसापळा लावून पतंग मोजायला सुरुवात केली. १९६० च्या दशकापासून देशभर तशा सापळ्यांचे जाळे झाले. पुष्कळसे सापळे हौशी स्वयंसेवक सांभाळतात. त्या सापळ्यात बसविलेला दिवा कोणता? २०० वॉटचा साधा टंगस्टनचा. याहून अधिक पतंग गोळा करणारे दिवे पुढे निघाले, तरी यांनी जुनाच चालू ठेवला. दिवा उत्तम आहे म्हणून नव्हे, तर तोच आहे म्हणून. तोच दिवा, तीच जागा, दररोज रात्री. पतंग आला तर संख्या, नाही आला तर शून्य. या कंटाळवाण्या कामातून २०२१ साली एक निष्कर्ष निघाला: १९६८ ते २०१७ या ५० वर्षांत ब्रिटनमध्ये सापळ्यांत सापडणाऱ्या मोठ्या पतंगांची एकूण संख्या ३३ टक्क्यांनी घटली. ही घट कोणाच्याही डोळ्यांना वर्षागणिक दिसली नसती. ती दिसली शून्ये लिहून ठेवणाऱ्यांना.

आपल्या सह्याद्रीतल्या या पतंगासाठी असे ५० वर्षांचे एक जरी पान आपण लिहिले असते! आता कोणी विचारले, की रस्ते रुंद झाले, टेकड्या खणल्या, काजूच्या आणि रबराच्या एकसुरी लागवडी झाल्या, त्यात हा पतंग कमी झाला का, तर आपल्याकडे कात्रणे आहेत, उत्तर नाही. कात्रणांत शून्य कधीच नसते. ‘काल रात्री अमुक गावी पतंग आढळला नाही’ अशी बातमी कोण छापणार?

आमच्याकडे जीवशास्त्र शिकविणाऱ्या सहकारी बाईंना माझे हे म्हणणे पटत नाही. त्या म्हणतात, “दुर्मीळ म्हटले की लोक जपतात. ‘नेहमीचाच आहे’ म्हटले तर चपलेने मारतील.” यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, लोक खरोखरच मारतात. काही घरी मोठा पतंग आला की अपशकुन समजून केरसुणी उचलली जाते. पण ‘दुर्मीळ’ ऐकून आमच्या गावी काय घडले? पुढच्या आठवड्यात आणखी तीन मुले बरण्या घेऊन आली. दुर्मीळ वस्तू माणूस नुसती जपत नाही, ताब्यातही घेतो. शिवाय, आज खोटे ‘दुर्मीळ’ वापरून टाकले, तर उद्या खरोखर उतरती कळा लागेल तेव्हा कोणता शब्द वापरणार? बाई यावर म्हणाल्या, “तेव्हाचे तेव्हा पाहू.” आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

त्या मुलीने मात्र वाद घातला नाही. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा तिला मी एक फुलस्केप वही दिली आणि आम्ही दोघांनी मिळून रकाने आखले. तारीख आणि तिथी. तिथीवरून चंद्राचा अंदाज येतो. जागा: पंपावरचा दिवा, शाळेच्या फाटकाचा दिवा, तिच्या पडवीचा दिवा, याच तीन, बदलायच्या नाहीत. दिव्याचा प्रकार. पाऊस, वारा. पाहण्याची वेळ: रात्री साडेआठ ते नऊ, रोज तीच. आणि शेवटी संख्या. वीज गेली असेल तर रकान्यात शून्य नव्हे, आडवी रेघ. पाहिले नाही आणि पाहिले पण दिसला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढे एकच सूत्र मी तिला शिकविले. पंपावर रात्री तिच्याबरोबर तात्या किंवा वडील जात.

तुम्हीही हे करू शकता. खर्च एका वहीचा. घाटाजवळ राहत असाल तर उत्तमच; आंबोलीपासून मुंबईच्या बोरिवलीतल्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत हा पतंग दिसतो. पण घाटापासून दूर, लातूर वा जळगावला राहत असाल आणि तुमच्या वहीत सगळीच शून्ये पडली, तरी ती वही घाटातल्या वहीइतकीच मोलाची आहे, कारण पसाऱ्याच्या नकाशाला कड लागते आणि ती कड शून्यांनीच आखली जाते. पतंग दिसला तर हात लावू नका. शेजारी पट्टी धरून एक छायाचित्र घ्या आणि शक्य असेल तर दिवा मालवा. शिक्षकांना विनंती अशी, की टाचणीने टोचलेल्या पतंगांच्या प्रकल्पाला जे गुण आपण देतो, ते शून्यांनी भरलेल्या वहीलाही द्यावेत. मुलाने वहीत संख्या फुगविल्याचा संशय आला तर आमच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या आठवाव्यात. ‘अपेक्षित उत्तर’ आणून देण्याची सवय आम्हीच लावली आहे.

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात २०१२ पासून अनेक देशांत पतंग सप्ताह पाळतात आणि भारतातही उत्साही मंडळी त्या रात्री पांढरा पडदा लावून बसतात. तेही चांगले आहे. पण एका आठवड्याचा उत्सव आणि सबंध पावसाळाभराची वही यांतून निवडायचे झाले, तर मी वही निवडीन.

ती मुलगी आता बारावी झाली. वही तिच्याकडेच असते. दर दिवाळीत ती मला आणून दाखविते. पहिल्या वर्षीची पहिली पाने जवळजवळ सगळी शून्यांची आहेत, मधून मधून वीज गेल्याच्या रेघा. पंपाच्या रकान्यात अधूनमधून एखादा आकडा दिसतो. तात्या खोटे बोलत नव्हते. पडवीच्या रकान्यात त्या वर्षी एकदाच ‘१’ आहे. आश्विन शुद्ध तृतीया, हलका पाऊस. शेऱ्याच्या जागी तिने लिहिले आहे: ‘मादी असावी. दिवा बंद केला. सकाळी नव्हती.’